अंगणात देशी झाड लावण्यापूर्वी

देशी वृक्ष लावावेत या उपदेशाला हल्ली कोणी हरकत घेत नाही, आणि ती घेण्याचे मलाही कारण नाही. परंतु जो वृक्ष नदीकाठी अथवा देवळाच्या प्रांगणात शोभतो तो आपल्या चिंचोळ्या आवारातही सुखाने नांदेल, असे त्या उपदेशावरून कोणी समजू नये, हे पुण्यातील माझ्या घराच्या औदुंबरामुळे मला सांगावेसे वाटते.

पूर्वीच्या मालकांनी श्रद्धेने लावलेला हा वृक्ष भिंतीला जवळजवळ खेटून होता. घर माझ्याकडे आले तेव्हा त्याच्या मुळांनी फरशी उचलली होती आणि गटाराच्या सांध्यांत शिरकाव केला होता. खोडावरच घोसाघोसाने लगडणारी उंबरे वर्षातून अनेकदा पिकून पायऱ्यांवर चिरडत, माश्या घोंगावत आणि रात्री वटवाघळे भिंती रंगवून जात. शहरी हद्दीतील झाड १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमाप्रमाणे परवानगीवाचून तोडता येत नाही, म्हणून रीतसर अर्ज केला. स्थळपाहणी होऊन फांद्या छाटण्यापुरती मंजुरी मिळाली. मात्र छाटणीस आलेल्या मजुराने वर पाहिले आणि कोयता खाली ठेवला. “साहेब, दत्ताचं झाड आहे. यावर हत्यार चालवायचं नाही,” एवढेच तो म्हणाला. अखेर वृक्ष राहिला आणि गटार हलविले. यात औदुंबराचा काडीमात्र दोष नाही. दोष असलाच तर अंतराचा.

सबब, निवड करताना पहिला प्रश्न झाडाच्या प्रौढ वयाचा असावा. रोपवाटिकेत सगळीच रोपे गुडघ्याएवढी दिसतात. पण वड, पिंपळ आणि उंबर यांना मोकळे मैदानच हवे, आणि काटेसावर, जिचा कापूस उन्हाळ्यात घरभर उडतो, ती शेताच्या बांधावरच बरी. लहान आवारास बकुळ साजते: सदाहरित, घनदाट, सावकाश वाढणारी. तिला भिंतीपासून चार-पाच मीटर अंतर आणि मालकाकडून थोडा धीर, एवढेच लागते.

दुसरा प्रश्न, झाड काय गाळते, केव्हा आणि कोठे. पारिजातकाचा पहाटेचा सडा मातीवर पडला तर वैभव आणि सिमेंटवर पडला तर रोजची झाडलोट. बहावा उन्हाळ्यात पाने टाकून पिवळ्या घोसांनी लवतो, पण पुढे हातभर लांबीच्या कठीण शेंगा महिनोन् महिने लोंबतात. त्याला वाहने उभी करण्याच्या जागेपासून दूर ठेवावे.

तिसरा प्रश्न कात्रीचा. कुंती छाटणी आनंदाने सोसते, बारमास हिरवी राहते आणि पावसाच्या सरींनंतर सुगंधी फुलांनी भरते. नीटनेटक्या कुंपणासाठी तिच्यासारखी दुसरी झुडपे थोडीच. अडुळशाच्या कडू पाल्याला शेळी तोंड लावत नाही, म्हणून तो रस्त्याकडेच्या बाजूस योग्य. कोरांटीला काटे असल्यामुळे ती पायवाटेस नको, खिडकीखाली चालेल. मात्र बहर ओसरताच ती छाटली नाही तर विस्कटते. शोभेसाठीच अमेरिकेतून आणलेली घाणेरी आज आपल्या रानांत माजली आहे. केवळ शोभा पाहून केलेली निवड अशी कुंपणापलीकडेही भोवते.

देशी झाडाला निगा लागत नाही, हाही गैरसमज सोडावा. पावसाळ्याच्या आरंभी लावलेल्या रोपालाही पहिले दोन उन्हाळे पाणी घालावेच लागते. नीटनेटकेपणा तर बहुतांशी मांडणीतून येतो: एकाच जातीची झुडपे एकत्र, वाफ्याला दगडी कड, आणि दारासमोर काही जागा रिकामी.

तेव्हा रोपे आणण्यापूर्वी आवाराचा नकाशा काढून त्यावर भिंत, गटार, पाण्याची टाकी आणि विजेच्या तारा दाखवाव्यात, आणि उरलेल्या जागेला मानवेल तेच झाड मागावे. कारण झाड लावणे आपल्या मर्जीवर असते, ते काढणे मात्र कायद्याच्या, श्रद्धेच्या आणि मजुराच्याही मर्जीवर जाते.