शिबिराच्या अल्पमोली साहित्याची पारख

दिवाळीची सुटी संपली की शाळाशाळांतून सहलींचे व मुक्कामी शिबिरांचे बेत सुरू होतात. किल्ल्याच्या पायथ्याशी एक रात्र काढावी आणि पहाटे गड चढावा, हा कार्यक्रम मुलांस किती शिकवून जातो हे शिक्षकबंधु-भगिनींस निराळे सांगावयास नको. तथापि त्यासाठी साहित्य खरेदी करण्याची वेळ आली म्हणजे मुख्याध्यापकांची मोठी कुचंबणा होते. पैसा थोडा, तोही बहुधा पालकांच्या वर्गणीचा. आणि बाजारात पाहावे तो एकाच आकाराच्या दोन तंबूंच्या किमतींत पाचपट अंतर. स्वस्त तेवढे टाकाऊ आणि महाग तेवढे उत्तम, असे मानून चालणे सोपे. पण ते खरे नाही.

प्रथम स्वतःचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी अकोले तालुक्यातील एका गावी आम्ही सातवीच्या मुलांचे शिबिर नेले होते. तंबू मीच निवडले होते. कापड बोटांत धरून पाहिले, रंग पाहिला, किंमत पाहिली आणि समाधान मानले. फेब्रुवारीचे दिवस, पाऊस कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. मध्यरात्री अवकाळी सर आली आणि अर्ध्या तासात प्रत्येक तंबूत पाणी ठिबकू लागले. रात्री एक वाजता मुलांस हाताशी धरून देवळाच्या सभामंडपात आणावे लागले. दोघा मुलांस सकाळी ताप भरला. गावकऱ्यांनी घोंगड्या आणून दिल्या म्हणून निभावले. उजाडल्यावर तंबू तपासले, तेव्हा उमगले की कापड निर्दोष होते. पाणी आले होते ते शिवणींतून. जेथे पाहावयास हवे होते तेथे मी पाहिलेच नव्हते.

सुई गेली तेथे भोक पडले, इतकी ही साधी गोष्ट आहे. म्हणून चांगल्या तंबूच्या शिवणीवर आतून एक पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. तंबू उलटा करून ही पट्टी आहे की नाही ते अगोदर पाहावे. असल्यास ती नखाने उचलली जाते काय, तेही पाहावे. नंतर शिवणीचा भाग मध्ये येईल अशा रीतीने कापडाची ओंजळ करून त्यात लोटाभर पाणी ओतावे आणि पाव तासाने खालच्या बाजूस कोरडे बोट फिरवावे. विक्रेत्याने कुरकूर केली तर एकच नग घेऊन शाळेच्या अंगणात ही परीक्षा करावी आणि मगच बाकीचे मागवावेत. पट्टी नसली म्हणून तंबू टाकून द्यावयास नको. शिवणीस लावावयाचे लुकण मिळते. ते आतून ब्रशाने लावून एक दिवस वाळू दिले तर स्वस्त तंबूही पाऊस बऱ्यापैकी सोसतो.

तंबूच्या वेष्टनावर १५०० मिलिमीटर, ३००० मिलिमीटर असे आकडे छापलेले असतात. ते तंबूच्या उंचीचे नव्हेत. त्या कापडावर तितक्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही, असा त्यांचा अर्थ. पावसासाठी १५०० पुरेसे ठरते; जमिनीकडील कापडास मात्र ते पुरत नाही, आणि ते का पुरत नाही हा सातवीच्या वर्गाला घालण्याजोगा प्रश्न आहे. एक चौरस सेंटिमीटरवर एक किलोग्रॅमचा भार म्हणजे सुमारे १० मीटर पाण्याचा दाब. ३० किलो वजनाचे मूल ओल्या जमिनीवर दोन्ही गुडघे टेकून बसले आणि गुडघ्यांखालील जागा मिळून ६० चौरस सेंटिमीटर धरली, तर दाब होतो अर्धा किलो, म्हणजे ५ मीटर किंवा ५००० मिलिमीटर पाण्याचा! छप्पर कोरडे राहूनही अंथरूण ओले का झाले, याचे उत्तर मुलांस येथे सापडते. उपाय स्वस्त आहे: तंबूखाली ताडपत्री अंथरावी. मात्र ती तंबूच्या कडेबाहेर येऊ देऊ नये, नाहीतर छपराचे पाणी तिच्यावर साचून उलट आतच येते.

ताडपत्रीचा विषय निघाला म्हणून सांगतो. ती ‘जीएसएम’वर विकली जाते, म्हणजे दर चौरस मीटरास किती ग्रॅम. हा आकडा तपासण्यास प्रयोगशाळा नको, किराणा दुकानातील काटा पुरे. १२ फूट गुणिले १५ फूट ताडपत्रीचे क्षेत्रफळ सुमारे १६.७ चौरस मीटर. ती १२० जीएसएमची असेल तर वजन दोन किलो भरले पाहिजे. दीड किलो भरले, तर माल ९०चा आहे आणि दुकानदार १२०चे पैसे मागत आहे. फीत घेऊन लांबी-रुंदीही मोजावी. पुष्कळदा कडांच्या दुमडीत अर्धा फूट नाहीसा झालेला असतो.

‘चार माणसांचा तंबू’ हाही असाच एक शब्द. असा तंबू बहुधा दोन मीटर लांब व तितकाच रुंद असतो. चार जणांनी झोपावयाचे तर प्रत्येकाच्या वाट्यास ५० सेंटिमीटर आले. दप्तर कोठे ठेवावयाचे ते विक्रेत्यास विचारावे. तीन मुले धरावीत. तंबूच्या काठ्या काचतंतूच्या असल्यास उभ्या चिरतात आणि त्यांची कुसे मुलांच्या हातांत जातात. अशी काठी वाकवून पाहावी. चीर दिसली की चिकटपट्टी गुंडाळावी आणि एक जादा काठी बरोबर ठेवावी. तंबूत चूल अथवा स्टोव्ह पेटवू नये, ही सूचना अनुभवी शिक्षकांसही पुन्हा करतो. विषारी वायू कोंडतो आणि कृत्रिम धाग्याचे कापड वितळून अंगास चिकटते.

अंथरुणा-पांघरुणाच्या बाबतीत माझे मत थोडे जुन्या वळणाचे वाटेल. स्वस्त झोपपिशवीवर ‘शून्य अंश’ असे छापलेले असते. पण तेवढ्या थंडीत सुखाने झोप लागेल की केवळ जीव तगेल, याचा खुलासा नसतो. दोन निरनिराळी तापमाने स्पष्ट दिलेली नसतील तर त्या एकट्या आकड्यावर विसंबू नये. शिवाय पिशवीतील कापूस आपल्या भाराने खाली दबतो आणि दबलेला कापूस ऊब धरत नाही. खरी थंडी जमिनीतूनच येते. बंद फुगवट्यांच्या फोमची चटई खाली आणि धनगरी लोकरीची घोंगडी अंगावर, एवढ्यावर सह्याद्रीतील हिवाळी रात्र मूल आरामात काढते. लोकर ओली झाली तरी पुष्कळ ऊब राखते, हा तिचा गुण. मुलांनी घोंगड्या घरून आणल्या तर वर्गणीही वाचते. भाताच्या पेंढ्यावर झोपण्याची पद्धत मावळात आहे. पण पेंढा झटकून, विंचू नाही हे पाहूनच अंथरावा.

पाठीवरच्या पिशवीची परीक्षा खांद्याचा पट्टा जेथे शिवलेला असतो तेथे करावी. पिशवीत दहा किलो धान्य भरून ती एका पट्ट्याने उचलावी व चार-सहा हिसके द्यावेत. आतून टाके उसवू लागले तर मोच्याकडून चौकट आणि त्यात फुली असे टाके घालून घ्यावेत. थोड्या खर्चात पिशवी कैक वर्षे चालते. चेन दातांची आहे की गुंडाळीची, यापेक्षा ती कोपऱ्यावर अडकते काय हे पाहावे. मोठ्या पिशवीचा मोह टाळावा. २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत मर्यादित केले आहे. चढावर तीच मर्यादा पाळली तर ३० किलोच्या मुलास ३ किलो पुरे.

विजेरीच्या जाहिरातीतील आकडे तर मुळीच वाचू नयेत, असे म्हणावेसे वाटते. १८ मिलिमीटर जाडीचा व ६५ मिलिमीटर लांबीचा जो भारणीचा सेल असतो, त्याची धारणा उत्तम कारखान्यातही साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. त्यावर ९९०० छापलेले आढळले तर ते सरळ असत्य समजावे. असा खरा सेल सुमारे ४५ ग्रॅम भरतो, बनावट पुष्कळदा हलका निघतो. विजेरी घेतली की संध्याकाळी पेटवून भिंतीसमोर ठेवावी आणि किती तासांनी तिच्या उजेडात पुस्तक वाचता येईनासे होते ते लिहून ठेवावे. ही परीक्षा शिबिरापूर्वी घरी झालेली बरी.

आतापर्यंत जे सांगितले त्यात काटकसरीस वाव आहे. दोरात तो नाही. तंबू ताणावयास, कपडे वाळत घालावयास बाजारचा कोणताही दोर चालेल. उन्हात राहून त्याची भुकटी निघू लागली की टाकून द्यावा. परंतु ज्यावर मुलाचा जीव टांगावयाचा, तो दोर व त्या कड्या घरच्या परीक्षेने पारखता येत नाहीत. गिर्यारोहणाचा दोर आतला गाभा व वरचे आवरण मिळून बनतो आणि पडणाऱ्याचा हिसका ताणला जाऊन सोसतो. साधा दोर तसा ताणला जात नाही. किल्ल्या अडकवण्याची कडी हुबेहूब तशी दिसते, पण भार पेलण्यासाठी ती केलेलीच नसते, आणि खऱ्या कडीवर किलोन्यूटनमध्ये कोरलेला आकडा नकली कडीवरही कोरता येतो. दोराचे खेळ घ्यावयाचेच असतील, तर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेसारख्या ठिकाणी (स्थापना १९६५) शिकलेला मार्गदर्शक त्याच्या साहित्यासह बोलवावा. तो न मिळाल्यास तो कार्यक्रम गाळावा. मुलांची निराशा होईल, होऊ द्यावी.

आता किमतीचा हिशेब. १८०० रुपयांचा तंबू सहा रात्री टिकला तर रात्रीस ३०० रुपये पडले. ५४०० रुपयांचा पंचेचाळीस रात्री टिकला तर १२०. म्हणजे महागच स्वस्त, असे कोणीही म्हणेल. परंतु आपली शाळा वर्षाकाठी दोनच रात्री बाहेर राहते. पंचेचाळीस रात्री भरावयास बावीस वर्षे लागतील, आणि तंबूच्या कापडावरील लेप तितकी वर्षे कपाटात पडूनही टिकत नाही. तो चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो. एकेका शाळेने उत्तम साहित्य घेऊन ते कपाटात कुजवण्यापेक्षा केंद्रातील आठ-दहा शाळांनी एक संच मिळून घ्यावा, तो केंद्रशाळेत ठेवावा आणि पाळीपाळीने वापरावा. मग वर्षास वीस रात्री सहज होतात आणि वरचा हिशेब खरा ठरतो.

अशा संचाची नोंद जडसंग्रह नोंदवहीत करताना खरेदीचा दिनांक, किती रात्री वापर झाला आणि कोणत्या तंबूची कोणती शिवण दुरुस्त केली हे शेऱ्याच्या रकान्यात लिहावे. परत आलेला तंबू त्याच दिवशी व्हरांड्यात सावलीत पसरून, पूर्ण वाळल्यावरच घडी घालावा. खुंट्या मोजून निराळ्या पिशवीत बांधाव्यात, कारण सर्वांत आधी हरवतात त्या खुंट्याच.