वनाचे वय आणि वृक्षांमधील अंतर

वेस्ट मांबलम हा चेन्नई शहरातील दाट वस्तीचा भाग. त्याचे नाव प्रथम ऐकणाऱ्यास ते आंब्याच्या फळाचे तमिळ नाव वाटते. परंतु त्या फळाच्या नावात ‘ऴ’ आहे, स्थलनामात ‘ल’. स्थानिक परंपरा हे नाव ‘महाबिल्व’ या शब्दाशी जोडते आणि येथे एके काळी बेलाची झाडे विपुल होती असे सांगते. ही व्युत्पत्ती ग्राह्य मानली, तरी तिच्यातून वृक्षाची जात तेवढी कळते. ते बेल परस्परांपासून किती अंतरावर उभे होते, तरुण होते की जीर्ण, याविषयी नाव मौन पाळते. मराठी मुलुखातील वडगाव, पिंपळगाव, जांभूळवाडी या नावांचीही स्थिती हीच आहे.

वाङ्मयातील वनवर्णनांस ही मर्यादा अधिकच लागू पडते. कपिलराच्या ‘कुरिंजिप्पाट्टु’ या संघकालीन काव्यात नव्याण्णव फुलांची नावे येतात. ती नामावळी वनस्पतींच्या अभ्यासकास मोलाची आहे. तथापि नावांचा तेथील क्रम हा काव्याचा क्रम होय, भूमीवरील मांडणीचा नव्हे. अरण्याचे वय मात्र प्रामुख्याने या मांडणीतच वाचावे लागते.

बेलाचेच उदाहरण घेता येईल. त्याचे जड, कठीण कवचाचे फळ बहुधा झाडाखालीच पडते. शिवाय त्याच्या मुळांपासून नवे फुटवे निघतात. त्यामुळे आईभोवती पोरे जमावीत तशी कोवळी रोपे जुन्या झाडाभोवती दाटी करतात. अशा एकजातीय दाटीस मराठीत ‘बन’ हा नेमका शब्द आहे. केवड्याचे बन, चिंचेचे बन असे म्हटले जाते. ‘अरण्य’ वा ‘रान’ या शब्दांत अनेक जातींचे मिश्रण गृहीत असते.

वय वाढते तसे बन विरळ होत जाते. प्रकाश, पाणी व मुळांना लागणारी जागा यांसाठी शेजाऱ्यांत स्पर्धा होते व दुर्बळ झाडे मरतात. मातृवृक्षाच्या आसपास त्या जातीवर जगणारे कीटक व रोग अधिक असतात, म्हणून जवळची रोपे अधिक संख्येने नष्ट होतात, अशी उपपत्ती जॅन्झेन यांनी 1970 मध्ये व कॉनेल यांनी 1971 मध्ये स्वतंत्रपणे मांडली. परिणामी थोराड वृक्षांमधील अंतर वाढते. पुढे एखादा महावृक्ष उन्मळून पडला की छतात खिंडार पडते, जमिनीवर ऊन येते आणि तेथे रोपांची नवी दाटी होते. वनस्पतिसमूहातील ही आवर्तने वॉट यांनी 1947 मध्ये विशद केली. जुने अरण्य म्हणजे निरनिराळ्या वयांच्या तुकड्यांची गोधडीच होय.

याचे प्रत्यक्ष मापन तमिळनाडूतच झाले आहे. निलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलै येथे 1988 मध्ये 50 हेक्टरांचा कायम अभ्यासपट्टा आखण्यात आला व तेथील 1 सेंटिमीटर व त्याहून अधिक व्यासाच्या प्रत्येक खोडाची जागा नोंदली गेली. साग, ऐन, धावडा, नाणा हे तेथील प्रमुख वृक्ष. या पट्ट्यासह सहा उष्णकटिबंधीय अरण्यांतील 1768 जातींचा तौलनिक अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. जवळजवळ प्रत्येक जात यदृच्छेने पसरली असती त्याहून अधिक घोळक्याने आढळली, आणि दुर्मीळ जाती विशेषच. केवळ 10 सेंटिमीटरांहून जाड झाडे विचारात घेतली, तरी बहुतेक जातींत घोळका टिकून होता. म्हणजे वयाबरोबर दाटी विरळ झाली, तरी बालपणीच्या बनाची खूण वृक्ष सहसा पुरती पुसत नाही. मुदुमलैत वणवा व हत्ती हेही या मांडणीचे कर्ते आहेत. हत्तींच्या उपद्रवाने वारंगाची झाडे तेथे फार घटली.

महाराष्ट्रात या दृष्टीने देवरायांचे महत्त्व आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी 1970 नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या धाकाने जेथे पडलेली फांदीही उचलली जात नसे, तेथे वृक्षाचे मरण, खिंडार व नवे बन हा क्रम अखंड चालू राहिला. जीर्ण वृक्ष तोडून नेमक्या अंतरावर नवी लागवड केल्यास झाडांची संख्या भरून निघेल. परंतु त्या सारख्या रांगांत काळाची नोंद उरणार नाही.

म्हणूनच वनवर्णनांच्या व स्थलनामांच्या अभ्यासकाने दोन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक आहे: कोणते वृक्ष होते, आणि ते कसे उभे होते. पहिल्याचे उत्तर भाषा शतकानुशतके जपू शकते. दुसऱ्याचे उत्तर उभ्या अरण्यातच असते आणि अरण्याबरोबर जाते. मांबलमच्या बेलांविषयी पहिला प्रश्न आजही चर्चेस घेता येतो. दुसरा विचारण्याची वेळ निघून गेली आहे.