आंबट पाण्यांतील मुशी

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर कादिझ नांवाचें एक प्राचीन बंदर आहे. तेथें तळलेले मासे विकणारीं दुकानें पुष्कळ असून त्यांतील एक आवडता पदार्थ म्हणजे 'काथोन एन आदोबो'. काथोन हा आपल्या कोंकणांतील मुशीसारखा लहान शार्क मासा होय, आणि आदोबो म्हणजे मसाल्याचें आंबट पाणी. पेयाबरोबर लहान बशींत देण्याच्या खाद्यास स्पेनमध्यें 'तापा' म्हणतात. हा पदार्थ त्यांपैकींच आहे. कादिझकर त्यास कौतुकानें 'ब्येनमेसाबे', म्हणजे 'मला रुचकर लागतें', असेंही म्हणतात.

प्रथम माशाचे तुकडे सिरका, लसूण, जिरें, मीठ, लाल मिरचीची पूड आणि ओरेगानो नामक सुगंधी पाला ह्यांत कांहीं तास मुरवितात. नंतर ते निथळून, गव्हाच्या पिठांत घोळवून, सुमारें १८० अंश सेंटिग्रेड तापलेल्या ऑलिव्हच्या तेलांत तळतात. ह्यांतील मिरची मूळची अमेरिकेची. १४९२ सालीं कोलंबस तिकडे पोहोंचल्यानंतरच ती स्पेनांत आली.

परंतु सिरका कशासाठीं? समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत देहांतील पाणी टिकावें म्हणून शार्क आपल्या मांसांत युरिया सांठवितो. तो मेल्यावर सूक्ष्म जंतु त्या युरियाचा अमोनिया करितात व मांसास उग्र दर्प येतो. अमोनिया हा अल्क आणि सिरका हें आम्ल. दोहोंच्या संयोगानें न उडणारें लवण बनतें व दर्प पुष्कळ कमी होतो. रसायनशास्त्राचें पुस्तक न वाचतांही कोळ्यांच्या घरच्या स्त्रियांनीं हें अनुभवानें साधिलें. गोव्याचें विंदालूही सिरका व लसूण ह्यांत मांस मुरविण्याच्या पोर्तुगीज रीतींतूनच निघालें आहे.

आतां एक खेदाची गोष्ट. काथोनच्या मादीस वयांत येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. त्यामुळें अतोनात मासेमारीनें झालेली तूट लवकर भरून निघत नाहीं. २०२० सालीं आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघानें ही जात नष्ट होण्याच्या अगदीं बेतांत असल्याचें नमूद केलें. आज ह्या नांवाखालीं पुष्कळदां दुसऱ्याच शार्कचें मांस ताटांत येतें.

पाककृति एका पिढीकडून दुसरीस शिकवितां येते. समुद्रांतून नाहींसा झालेला मासा मात्र कोणासही पुन्हां घडवितां येत नाहीं. ज्या जिभेनें 'मला रुचकर लागतें' म्हणावयाचें, तिनें 'आतां पुरे' हेंही वेळींच म्हणावयास शिकलें पाहिजे.