मुका पडदा बोलू लागला

मुलांनो, आज आपण मोबाईलवर चित्रपट पाहतो. त्यातील पात्रे बोलतात, गातात. पण पूर्वी चित्रपट मुके होते. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट मुंबईत दाखवला. मूकपटात पात्रांचे ओठ हलत. आवाज येत नसे. मध्येमध्ये पडद्यावर मजकूर दिसे. ज्याला वाचता येत नसे, त्याला शेजारचा माणूस तो वाचून दाखवी.

अमेरिकेत १९२७ मध्ये 'द जाझ सिंगर' हा चित्रपट आला आणि बोलपटांचे युग सुरू झाले. भारतात हे काम अर्देशीर इराणी यांनी केले. त्यांचा 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट. स्टुडिओजवळून रेल्वे जात असे. दिवसा गाड्यांचा आवाज होई, म्हणून चित्रीकरण रात्री चाले. वझीर मोहंमद खान यांनी फकिराच्या भूमिकेत एक गाणे गायले. साथीला फक्त पेटी आणि तबला होता. १४ मार्च १९३१ रोजी हा चित्रपट मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला. लोकांची एकच गर्दी उसळली. आता निरक्षर माणसालाही गोष्ट स्वतः समजू लागली.

पण आवाजाबरोबर भाषेचा प्रश्नही आला. 'आलम आरा'चे नायक मास्टर विठ्ठल हे मराठी होते. मूकपटांत त्यांची तलवारबाजी फार गाजली होती. मात्र हिंदी-उर्दू संवाद त्यांना नीट जमेनात. म्हणून त्यांचे पात्र बराच वेळ गुंगीत दाखवावे लागले! तलवार तीच होती, अंगातील चपळाईही तीच होती. उणीव होती ती भाषेची. उर्दू जाणणाऱ्या लेखकांना व गायकांना मात्र नवे काम मिळाले. १९३२ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'अयोध्येचा राजा' मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला.

नवा शोध एकाला पुढे नेतो, तर दुसऱ्याला मागे टाकतो. अशा वेळी जास्त भाषा येणाऱ्याची वाट सोपी होते. रनाळ्याहून नंदुरबारला गेल्यावर बाजारात, बँकेत, कचेरीत मराठी लागते. घरची उर्दू जपा आणि मराठीही आपलीशी करा.

शब्दार्थ
मूकपट – आवाज नसलेला चित्रपट
चपळाई – फुर्ती
उणीव – कमी
कचेरी – दफ्तर

स्वाध्याय
१. 'आलम आरा'चे चित्रीकरण रात्री का करीत?
२. बोलपटामुळे निरक्षर लोकांचा कोणता फायदा झाला?
३. मास्टर विठ्ठल यांना कोणती अडचण आली?
४. मोबाईलमुळे तुमच्या गावात कोणते बदल झाले? पाच वाक्ये लिहा.