मुलींसाठी शास्त्रातील अपरिचित नावे

घरात मुलगी जन्मली की नाव शोधताना आपण बहुधा सारा, रिबका, राहेल, लेआ येथेच थांबतो. शास्त्रात याहून कमी परिचयाची, पण अर्थपूर्ण नावे आहेत.

गणना, अध्याय 27 मध्ये सलाफहादच्या पाच मुली भेटतात : महला, नोआ, होगला, मिलका व तिरसा. बापाला पुत्र नव्हता, म्हणून त्याचे नाव कुळातून का नाहीसे व्हावे, असे त्यांनी मोशे रब्बेनूंपुढे उभे राहून विचारले. परमेश्वराने त्यांचे म्हणणे मान्य केले व त्यांना वतन मिळाले. यांतील नोआ आज इस्राएलात घरोघरी आहे. तिरसा, म्हणजे मनपसंत, क्वचितच ऐकू येते.

ईयोब, अध्याय 42 मध्ये त्याच्या सात पुत्रांची नावे नाहीत. तिन्ही मुलींची मात्र आहेत : यमीमा, कसीया, केरेन-हप्पूख. त्यांनाही भावांबरोबर वतन मिळाले. कसीया हे दालचिनीसारख्या सुगंधी सालीचे नाव. केरेन-हप्पूख म्हणजे काजळाचे शिंग. आपल्या आजीची काजळाची डबीच म्हणा ना! लांब वाटले तर नुसते केरेन ठेवावे.

नाव कोणतेही निवडा, पण मुलगी कळती झाली की त्यामागची हकीकत तिला आपल्या मराठीतून जरूर सांगा. हेही वतनच आहे.