कोंबड्यांची मानमोडी

आमच्या परसात चौदा कोंबड्या होत्या. एक कोंबडा, आठ अंडी देणाऱ्या आणि पाच तलंगा. खर्च फारसा नव्हता. उकिरडा उकरीत, किडे वेचीत, सांडलेले दाणे टिपीत. अंडी विकून घरचे मीठमिरची निघे, पोरांच्या वह्या निघत. म्हणजे ही काही हौस नव्हती.

उन्हाळ्यात आम्ही बाजारातून एक नवी तलंग आणली. दिसायला चांगली, तुरा लाल. त्याच रात्री तिला घरच्या कोंबड्यांबरोबर खुराड्यात कोंडली. चूक झाली ती इथेच. नवी कोंबडी तीन आठवडे तरी वेगळी, लांब ठेवायची असते. हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते.

चार दिवसांनी ती गप्प बसू लागली. पंख पाडले, डोळे मिटले. चोच उघडी टाकून धापा टाकू लागली. हिरवी-पांढरी हगवण लागली. ती मेली आणि मग घरच्या कोंबड्यांना तेच. दोघींची मान पिळून पाठीवर गेली. एक जागच्या जागी गोल फिरे. बघवत नव्हते. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले देवीचा कोप. हळद झाली, लसूण झाला. गुण काही येईना.

सहा कोंबड्या अजून धडधाकट दिसत होत्या. शेजारचे तात्या म्हणाले, "अहो, उद्या बाजार आहे. विकून टाका. निदान चार पैसे तरी येतील."

खरे सांगायचे तर मन झाले. टोपलीसुद्धा काढली. तेव्हा आई म्हणाली, "आपल्याला कोणी अशीच विकली, ते विसरलात का?"

टोपली परत ठेवली. त्या सहांतल्या तीन पुढे मेल्याच. तेवढ्या पैशाला आम्ही मुकलो. पण ती मर दुसऱ्याच्या खुराड्यात आमच्या हातून गेली नाही.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले, ही मानमोडी. हिलाच राणीखेत म्हणतात. राणीखेत हे हिमालयातले कुमाऊँ भागातले गाव. 1926 साली इंग्लंडात न्यूकॅसल गावाजवळ हा रोग ओळखला गेला. पुढच्या एकदोन वर्षांत आपल्याकडे राणीखेतला आढळला. म्हणून हे नाव. रोग विषाणूचा. विषाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, अतिशय बारीक रोगकारक. तो कोंबडीच्या लाळेतून, विष्ठेतून पसरतो. आपल्या चपलांना, टोपलीला चिकटूनही येतो. रोग एकदा जडला की त्यावर औषध नाही.

मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकू नयेत, उकिरड्यावरही नाही. आम्ही खोल खड्डा काढला, वर चुना टाकला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड ठेवले. धाकटीची एक पांढरी कोंबडी त्यात होती. तिच्या हातून दाणे खायची. पोर रडली, तर लोक हसले. म्हणाले, "कोंबडीसाठी कोणी रडतं का?" रडतं. जिला रोज हाताने चारले, तिच्यासाठी रडू येणारच. पोरांना रडू द्यावे. मेलेली कोंबडी मात्र त्यांच्या हाती देऊ नये.

त्याला कारण आहे. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला. भारतातली ती पहिलीच वेळ. तो रोगही असाच झपाट्याने मारतो, आणि क्वचित माणसालाही जडतो. नुसते बघून कोणता रोग ते कळत नाही. पुष्कळ कोंबड्या एकदम मेल्या तर कापू नका, खाऊ नका. दवाखान्यात कळवा.

मानमोडीला औषध नाही, पण लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे झाले की डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. दोन महिन्यांच्या सुमारास टोचायची. पुढे डॉक्टर सांगतील तशी. आजारी पडल्यावर देऊन उपयोग नाही.

मग घरोघर लस का होत नाही? बाटली शंभर किंवा जास्त कोंबड्यांची असते. ती बर्फात ठेवावी लागते. आतली पूड सोबतच्या पाण्यात कालवली की तासा-दोन तासांत संपवायची. ज्याच्या घरी दहा कोंबड्या, तो बाटली आणून करील काय? गाडे अडते ते इथे.

आम्ही खुराडे खरवडले, धुतले, चुना लावला. दोन महिने नवी कोंबडी आणली नाही. मग आळीतली अकरा घरे फिरून कोंबड्या मोजल्या. लहानमोठ्या धरून ब्याण्णव भरल्या. नऊ घरांनी वर्गणी दिली. तात्यांनी तालुक्याहून थर्मासात बर्फ घालून लस आणली. सकाळी खुराडी उघडण्याआधी डॉक्टर आले. एकाने कोंबडी धरायची, दुसऱ्याने पंख उचलायचा. पिल्लांना थेंब घालायचे काम धाकटीने पाहून घेतले.

दोन घरे अजून नाही म्हणतात. त्यांच्या कोंबड्याही आमच्याच उकिरड्यावर येतात. पुढच्या खेपेला त्यांना परत विचारणार आहोत.