सर्व्हर मोठा घेण्याआधी थ्रेड मोजा

पुण्यात मगरपट्ट्याच्या सायबरसिटीतल्या कंपनीकडून किंवा सासवड रोडवरच्या दोघा-तिघांच्या ऑफिसातून तुम्ही दवाखान्याचं, क्लासचं, गोदामाचं सॉफ्टवेअर करून घेतलंत. आता निरोप आला आहे, ‘रॅम पुरत नाही, सर्व्हर वाढवा.’ होकार देण्याआधी विचारा, ऐन गर्दीत थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधले एकाच वेळी धावणारे कामाचे धागे, किती चालतात?

आधी पैशाचं. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर टी३ मीडियममध्ये ४ जीबी मेमरी, टी३ लार्जमध्ये ८ जीबी. दर बरोबर दुप्पट. प्रोसेसर मात्र दोन्हीकडे दोनच. वर १८ टक्के जीएसटी. डिस्क आणि बाहेर जाणारा डेटा वेगळा. खात्यात तुमचा जीएसटी क्रमांक भरलेला आहे ना, ते आजच पाहा. नसेल तर इनपुट क्रेडिट मिळायची पंचाईत.

आता थ्रेडचं. ६४ बिट लिनक्सवर जावाच्या प्रत्येक थ्रेडसाठी साधारण १ एमबी स्टॅक, म्हणजे त्याच्या कामापुरती मेमरी, राखून ठेवतात, सी भाषेतल्या प्रोग्रॅमला बहुधा ८ एमबी. टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर मुळात २०० थ्रेडपर्यंत जातो, म्हणजे २०० एमबी. पण राखलेली जागा म्हणजे खर्च झालेली मेमरी नव्हे. ४ केबीची एकेक पानं वापरात येतील तशीच ती भरते. तेव्हा कुणी ‘टॉप’ कमांडमधला ‘व्हर्ट’चा आकडा दाखवून घाबरवलं, तर शेजारचा ‘रेस’ रकाना बघायला मागा. खरी मेमरी तिथे दिसते.

छुपा खर्च स्टॅकपेक्षा इतरत्रच जास्त असतो. लिनक्सची जीलिबसी लायब्ररी थ्रेड वाढले की मेमरीचे वेगवेगळे साठे उघडते, ६४ बिटवर कोअरमागे ८ पर्यंत. त्यात मोकळी झालेली मेमरी बऱ्याचदा परत मिळतच नाही. ‘मॅलॉक अरीना मॅक्स’ हे सेटिंग २ वर आणणं फुकटचा उपाय आहे. वेग थोडा घटू शकतो, म्हणून आधी चाचणीच्या मशीनवर करा. दुसरा खर्च डेटाबेसचा. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस देतो, त्यामुळे थ्रेडमागे एक कनेक्शन ठेवलं की बिल दोन्हीकडून चढतं. तिसरं, जावातला ‘कॅश्ड थ्रेड पूल’. त्याला वरची मर्यादाच नाही. तुमच्या कोडमध्ये तो असेल, तर आधी तो बदलून घ्या.

झटपट उपायांपासून जपा. स्टॅक २५६ केबीवर आणून हाती फारसं लागत नाही, उलट खोल कॉलमध्ये प्रोग्रॅम कोसळतो. जावा २१ मधले व्हर्च्युअल थ्रेड खरंच हलके आहेत, पण थांबून राहण्याच्या कामांसाठी. डेटाबेसला कनेक्शन दहाच असतील तर रांग फक्त तिकडे सरकते. शिवाय २१ मध्ये ‘सिंक्रोनाइज्ड’ कोडच्या आत थांबावं लागलं की खालचा खरा थ्रेड अडकून पडतो. ही अडचण २४ मध्ये बऱ्याच अंशी सुटली. निव्वळ आकडेमोड असेल तर कोअरइतकेच थ्रेड पुरतात.

डेव्हलपरकडून लेखी काय घ्यायचं? थ्रेडची संख्या आणि आरएसएस (‘रेस’ रकान्यातली खरी मेमरी), दर पाच मिनिटांनी, निदान अर्धा तास. संध्याकाळची ओपीडी किंवा प्रवेशाचा आठवडा गाठा, दुपारचे आकडे बिनकामाचे. जावा असेल तर ‘नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग’चा अहवालही मागा. त्यात थ्रेडची मेमरी वेगळी दिसते, मात्र ते प्रोग्रॅम सुरू करतानाच चालू करावं लागतं आणि वेग ५ ते १० टक्के घटतो, म्हणून मोजणी झाली की बंद करा. प्रोग्रॅम अचानक बंद पडत असेल तर कर्नलचा लॉग मागा. कंटेनर १३७ कोडने बंद झाला असेल तर पहिला संशय मेमरीवरच घ्या.

एवढं करूनही मोठा सर्व्हर लागलाच, तर स्वस्त पडतो म्हणून वर्षाचा करार लगेच करू नका. महिनाभर ऑन-डिमांड चालवा, गर्दीचे आकडे पुन्हा घ्या, मगच सही करा.